रॉबिनची लाह

रॉबिन कोण होता, हे मला अजून कळलेलं नाही. खेळाचा मास्तर म्हणून माझी सगळी नोकरी त्याच्या नावाने भाग्यपत्रिका काढण्यात गेली, आणि आज निवृत्तीनंतर कोणी विचारलं तरी मी चाचरतो. भाग्यपत्रिका म्हणजे ज्योतिषाची नव्हे. कोणता संघ कोणाशी आणि कधी खेळणार याचा जो तक्ता असतो, त्याला आमच्या धंद्यात भाग्यपत्रिका म्हणतात. ज्याने कोणी हा शब्द काढला त्याने आयुष्यात एकदा तरी शालेय स्पर्धा भरवली असणार.

या धंद्याशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्पर्धा मुख्यतः दोन तऱ्हांनी घेतात. पहिली बाद पद्धत. हरला तो घरी, जिंकला तो पुढे. दिवसभरात सगळं उरकतं, म्हणून साहेब लोकांची ही लाडकी. दुसरी साखळी पद्धत. तिलाच इंग्रजीत राऊंड रॉबिन म्हणतात. यात प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळतो आणि शेवटी ज्याचे गुण जास्त, तो पहिला. तक्ता काढायची युक्ती सोपी आहे. एक नंबर खळ्यातल्या खुंट्यासारखा जागेवर ठेवायचा आणि बाकीचे नंबर त्याच्याभोवती एकेक घर सरकवत न्यायचे. या पद्धतीत सामने फार होतात, पंच कंटाळतात, चहाचं बिल वाढतं. पण मी कायम साखळीच्या बाजूने भांडलो. डोंगरातल्या पोरी पहाटे उठून, जीपमध्ये कोंबून खाली तालुक्याला, अक्कलकुव्याला यायच्या आणि अर्ध्या तासात हरून परत जीपमध्ये बसायच्या. ते मला बघवत नसे.

मी मूळचा नंदुरबारजवळच्या रनाळ्याचा. एकदा सुट्टीत गावी गेलो तर पोरांनी व्हॉलीबॉलचे सामने ठरवले होते. गावचाच मास्तर आलाय म्हटल्यावर भाग्यपत्रिका माझ्या गळ्यात पडली. मी फोनवर पोरांना सांगितलं, "सामने राऊंड रॉबिन होतील, तसं फ्लेक्सवर टाका." दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. वर मोठ्या अक्षरात 'राऊंड रॉबिन चषक', आणि मध्ये हॅट घातलेल्या एका गोऱ्या माणसाचा फोटो. फ्लेक्सवाल्याने तो कुठून काढला देव जाणे. वरून कोणीतरी त्याला झेंडूचा हारही घातला होता.

आमचे नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, फ्लेक्सखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मला म्हणाले, "मास्तर, हाऊ रॉबिन कोन शे भो? चषक शे म्हंजे मरेल व्हई." गावात चषक निघतात ते मेलेल्यांच्या आठवणीत.

"नाना, माणूस नाही तो. खेळायची पद्धत आहे."

"पद्धत शे? मंग तिले हार कसाले घाला?"

मी त्यांना बाद पद्धत, साखळी पद्धत, सगळं सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समजनं. पन रॉबिन कोन?" मी फ्लेक्सकडे बघायला लागलो. नाना हसले. "तुले बी माहीत नही. बाहेरगावना मानूस शे, हार ऱ्हाऊ दे." सामने संपेपर्यंत त्या गोऱ्याच्या गळ्यातला हार कोणी काढला नाही, आणि उद्घाटनाचा नारळही त्याच्याच पुढे फुटला.

हे मनाला लागलं म्हणून नंदुरबारच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एका मित्राला गाठलं. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, एका वाक्यात सांगेल. त्याने मला तासभर बसवलं आणि पूर्ण बुचकळ्यात टाकून पाठवलं. तो म्हणाला, पूर्वी जहाजावरच्या खलाशांना कप्तानाविरुद्ध तक्रार करायची असली की ते कागदावर गोलाकार सह्या करत. वर्तुळात पहिली सही कोणाची ते कळत नाही, म्हणजे फासावर कोणाला द्यायचं तेही कळत नाही. त्या कागदाला राऊंड रॉबिन म्हणत. मी म्हटलं, मग रॉबिन खलाशी होता का? तर म्हणे, नाही, काही लोक सांगतात की मूळ शब्द फ्रेंच आहे, गोल फीत अशा अर्थाचा, इंग्रजांनी त्याचा अपभ्रंश केला. पण याला पुरावा नाही, ही मागाहून जुळवलेली गोष्ट असावी. आणि रॉबिन नावाचा पक्षीसुद्धा आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. "मग संबंध कशाचा आहे?" मी विचारलं. तो म्हणाला, "तसं नक्की कोणालाच माहीत नाही." म्हणजे नाना बरोबर आणि माझी तासभराची खटपट फुकट.

आता खरी गोष्ट सांगतो. नंतर एका वर्षी मी अक्कलकुव्याच्या हायस्कुलात होतो आणि तालुक्याच्या शालेय खेळांची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलींच्या कबड्डीत डोंगरातल्या शाळांमधून एक संघ थेट जिल्ह्याला, नंदुरबारला, पाठवायचा असं ठरलं. संघ तीनच होते. आंबापाडा, दगडपाडा आणि बोरपाडा. मी म्हटलं, यांना खाली गावात बोलवायचं नाही, आपणच वर जायचं. तीन शाळा, तीन सामने, प्रत्येक मैदानावर एक. आंबापाड्याच्या मैदानावर आंबापाडा आणि दगडपाडा, मग दगडपाड्याच्या मैदानावर दगडपाडा आणि बोरपाडा, शेवटी बोरपाड्याला बोरपाडा आणि आंबापाडा. झाली साखळी.

मुलींचा खेळ असला की बरोबर एक बाई लागते. आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सायजाबाई आल्या. त्या डोंगरातल्याच, घरी पावरी बोलणाऱ्या. मला पावरी येत नाही. घरात अहिराणी आणि शाळेत मराठी एवढ्यावर माझं भागलं, आणि वरच्या पाड्यांवर गेलो की मी बहिरा. तेव्हा सायजाबाई म्हणजे माझे कान आणि माझी जीभ.

पहिल्या सामन्याआधी तिन्ही संघांना मोलगीला, डोंगरातल्या बाजाराच्या गावी, एकत्र बसवलं आणि मी राऊंड रॉबिन समजावून सांगितलं. फळ्यावर बाण काढले, गुण कसे मोजतात ते सांगितलं, गुण सारखे झाले तर गुणफरक कसा बघतात तेही सांगितलं. पोरी माझ्याकडे अशा बघत होत्या जशा पोरी इतिहासाच्या तासाला बघतात. मी दमून म्हटलं, "सायजाबाई, सांगा बरं यांना." बाईंनी पदर खोचला आणि पावरीत एकच वाक्य बोलल्या. सगळ्या पोरींचे चेहरे उजळले. माना हलल्या, दोघी-तिघी हसल्या. मला मोठं कौतुक वाटलं. माझं एवढं भाषण बाईंनी एका वाक्यात बसवलं. ते वाक्य काय होतं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

बोरपाड्याची कप्तान जामली. सडपातळ, फार कमी बोलणारी, आणि चढाईला गेली की समोरच्या सातजणींना नुसता वारा लागायचा. नंदुरबारला क्रीडा वसतिगृह होतं. जिल्ह्याच्या सामन्यांत चमकणाऱ्या मुलींना तिथे घेत, राहणं आणि शिक्षण दोन्ही. जामलीचं ते वयोगटातलं शेवटचं वर्ष. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं की दिवाळीनंतर पोरगी आमच्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला येणार. ती जिल्ह्याला गेली तर वसतिगृह, नाही गेली तर ऊस. मला मनातून बोरपाडा जिंकायला हवा होता. पंचाने असं लिहू नये, पण आता मी कोणाचा पंच नाही.

पहिला सामना आंबापाड्याने सात गुणांनी जिंकला. चांगला झाला, मी खूश. दुसरा दगडपाड्याला, जामलीच्या संघाशी. पूर्वार्धात जामलीने मैदान झाडून काढलं. मग उत्तरार्धात तिला काय झालं कोण जाणे. चढाईला गेली आणि कोणी हात न लावता स्वतःच रेषेबाहेर पाऊल टाकलं. पुन्हा गेली, पुन्हा तेच. पकड करताना तिच्या पोरी चढाईवालीचा पाय धरायच्या आणि सोडून द्यायच्या. बोरपाडा सात गुणांनी हरला. मी संतापलो. जामलीला बाजूला घेऊन विचारलं, "पाय मुरगळला का?" तिने नाही म्हणून मान हलवली. "मग झोपली होतीस का?" ती हसली. माझ्या रागाला पोरी सहसा हसत नाहीत, म्हणून मी जास्तच गोंधळलो.

तिसरा सामना बोरपाड्याला. आता बोरपाड्याला मोठ्या फरकाने जिंकायला हवं होतं. आणि जामली खेळली, अशी खेळली की मी शिट्टी वाजवायची विसरून बघत राहिलो. बोरपाडा सातने पुढे गेला. बराच वेळ बाकी होता. आणि तिथे सगळं थांबलं. जामली चढाईला जायची, निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती, ओलांडायची, कोणाला हात न लावता परत यायची. मग आंबापाड्याची कप्तान रेवली यायची, तीही तशीच परत जायची. दोन्ही बाजूंच्या पोरी शेजारणीकडे विरजण मागायला गेल्यासारख्या येत होत्या, जात होत्या. मी ओरडलो, ताकीद दिली. दोन्ही संघ माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. सामना सात गुणांच्या फरकाने संपला आणि सगळ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून पाणी प्यायला गेल्या.

मी ओट्यावर बसून हिशेब केला. प्रत्येकीचा एक विजय, एक पराभव. गुणफरक, प्रत्येकीचा शून्य. कोणाला पुढे काढावं याला कुठेही फट नव्हती. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ही लबाडी म्हणावी तर फायदा कोणाचा? जामलीला हरायचंच होतं तर शेवटी जिंकली कशाला, आणि जिंकायचं होतं तर सातवर थांबली कशाला? शेवटी सायजाबाईंना विचारलं, "बाई, त्या दिवशी मोलगीला तुम्ही पोरींना काय सांगितलं?"

"तुमी जे बोल्ले तेच," बाई म्हणाल्या. "सांगलं, ही लाह आहे."

लाह म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. डोंगरात कोणाचं शेत निंदायचं असलं, घर शाकारायचं असलं की सगळा पाडा तिथे कामाला जातो. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, परवा त्याच्याकडे. मजुरी नाही, जेवण तेवढं घरधन्याचं. माझ्याकडे जितके हात आले तितके मी परत पाठवायचे.

"अहो, पण ही स्पर्धा आहे!"

"तुमीच बोल्ले ना सर, सगळे सगळ्यांच्या गावाला जातील. एक खेप याच्याकडे, एक खेप त्याच्याकडे. ती लाहच झाली. ज्याच्या गावाला गेले त्याचं काम करून द्यायचं."

"मग सातवर का थांबली ती?"

बाईंना माझी कीव आली असावी. "सात गेले, सात आले. जास्ती कशाला घेल? जास्ती घेतलं मंग अंगावर राहतं."

मी घरी आलो तो डोकं धरूनच. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याचा फोन आला तेव्हा त्याला हे सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "पप्पा, आमच्याकडे राऊंड रॉबिन म्हणजे हेच. खूप कामं एकदम आली की मशीन प्रत्येकाला पाळीपाळीने थोडा थोडा वेळ देतं. त्यात कोणी जिंकत नाही." म्हणजे सायजाबाईंचं भाषांतर बरोबर होतं, फक्त माझ्या धंद्यातलं नव्हतं. मग चुकलं कोणाचं? खलाशी, फीत, पक्षी आणि आता मशीन. मला त्या रॉबिनचा खरोखर राग आला.

पण जिल्ह्याला एक संघ तर पाठवायचा होता. मी ठरवलं, तिघींचे सामने पुन्हा घ्यायचे, खाली अक्कलकुव्याला, आणि या वेळी मी स्वतः समजावून सांगणार. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी तिन्ही कप्तानांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. जामली, रेवली आणि दगडपाड्याची दुर्गी. सायजाबाई होत्याच. मी सांगितलं, तिघींमधून एकच संघ नंदुरबारला जाणार. बाईंनी पावरीत सांगितलं. पोरींचे चेहरे उतरले. दुर्गीने मला मराठीत विचारलं, "एकच? मग दोघींचं काय?"

"दोघी घरी," मी म्हटलं.

त्या आपसात बोलायला लागल्या. मी पुन्हा खेळण्याचं सांगत होतो, कोणी ऐकत नव्हतं. थोड्या वेळाने बाई माझ्याकडे वळल्या. "त्या विचारून राहिल्या, कोणाचं शेवटचं साल आहे?"

"जामलीचं. पण त्याचा काय संबंध?"

"ज्याचं शेत आधी पिकलं, लाह आधी त्याच्याकडे जाते," बाई म्हणाल्या.

जामली उठून उभी राहिली आणि जोरजोरात मान हलवायला लागली. नेहमी गप्प राहणारी पोरगी भराभर बोलत होती. बाईंनी सांगितलं, "ती नको म्हणते. सात फेडता येतात, हे कसं फेडेल, म्हणते." तेव्हा रेवलीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि काहीतरी बोलली. बाई म्हणाल्या, "रेवली बोलते, पुढच्या सालाला आमची पाळी, त्याच्या पुढच्या सालाला दुर्गीची. झालं. फिटलं." मी विचारलं, हे आधी कोणाला सुचलं? तिघी म्हणाल्या, सगळ्यांना. मग जामली रडायला लागली आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खेळाच्या मास्तराने रडू नये, पण आलं.

अहवालात काय लिहावं ते कळेना. शेवटी खरं तेच लिहिलं. 'तिन्ही संघ समान. कर्णधारांच्या संमतीने बोरपाडा.' वरून साहेबांचा फोन आला. "संमतीने म्हणजे काय? खेळ आहे का सोयरीक?" मी म्हटलं, साहेब, या वर्षापुरतं चालवून घ्या. त्यांनी चालवून घेतलं. बोरपाडा नंदुरबारला गेला, दुसऱ्या सामन्यात हरला, पण जामलीची निवड झाली. दिवाळीनंतर तिचे आईबाप गुजरातेत गेले आणि जामली वसतिगृहात राहिली. मला वाटलं, माझ्या नोकरीचं सार्थक झालं. महिनाभर मी उगाचच सगळ्यांशी गोड बोलत होतो.

पुढच्या वर्षी आदेश आला. डोंगराचा वेगळा गट बंद. सगळे संघ अक्कलकुव्याला, एकाच दिवसात, बाद पद्धतीने. कारण लिहिलं नव्हतं, पण साहेब फोनवर म्हणाले, "गेल्या वर्षीसारखा घोळ नको." मी भांडलो. मला घोळ कशाला म्हणतात हेच कळत नव्हतं, त्यामुळे माझं भांडण लुळं पडलं. भाग्यपत्रिका चिठ्ठ्या टाकून निघाली. आंबापाड्याची गाठ पहिल्याच फेरीत हायवेवरच्या एका शाळेशी पडली. त्या पोरी मॅटवर सराव करणाऱ्या, बूट घालणाऱ्या. रेवली जीव तोडून खेळली. गुडघे फुटले, कोपर सोललं. आंबापाडा हरला आणि दहा वाजायच्या आत त्यांची स्पर्धा संपली.

मी पंचांच्या टेबलाशी बसलो होतो. रेवली सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वर्षभरात तिचं मराठी चांगलं झालं होतं. सायजाबाईंची गरज नव्हती.

"सर, या साली आमची पाळी होती."

"हो गं. पण पद्धत बदलली. वरून आदेश आला."

"तुमची बदलली. आमची कुठे बदलली?"

मी म्हटलं, "बाळा, स्पर्धेत असं मागचं फेडून घेता येत नाही."

तिने थोडा विचार केला. रागावली नव्हती. हिशेब जुळत नसला की माणूस विचारतो तसं तिने विचारलं, "मग सर, आमची पाळी आता कोणाकडे मागायची? जामली तर देईल म्हणते. पण पाळी तिच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का?"

पुढचे दोन संघ मैदानात येऊन थांबले होते. माइकवरून माझं नाव पुकारत होते. मी तिला म्हटलं, बस, पाणी पी, गुडघ्याला औषध लाव. ती बसली नाही. मी उठलो, मैदानात गेलो, शिट्टी वाजवली आणि सामना सुरू केला. पूर्वार्ध संपल्यावर मागे बघितलं तर ती टेबलाजवळ तशीच उभी होती, मी येऊन उत्तर देईन म्हणून.